व्ह्यू दीड लाख, तिकिटं एकशे चाळीस: संगीत नाटकाच्या पडद्यामागच्या व्हिडिओंचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सांगलीची हौशी संस्था, नवं दोन अंकी संगीत नाटक, अकरा पदं, ऑर्गन-तबला-व्हायोलिनची प्रत्यक्ष साथ, चौदा कलाकार. तीन महिन्यांत तालमीचे आणि मेकअपरूममधले सव्वीस व्हिडिओ टाकले. त्यातला एक, विदूषकाची मिशी ऐन एन्ट्रीच्या आधी निघून येते तो, दीड लाख वेळा पाहिला गेला. आणि पुण्याच्या प्रयोगाला साडेआठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात एकशे चाळीस तिकिटं गेली. आता तुम्ही विचारताय की व्हिडिओ आणखी वाढवायचे की हा उद्योगच बंद करायचा.

दोन्ही करू नका. सव्वीसच्या जागी साठ टाकलेत तरी पुण्यात हेच झालं असतं. मिशीचा व्हिडिओ पाहून लोक हसले, पुढे गेले. तुमचं नाटक संगीत नाटक आहे, त्यात अकरा नवी पदं आहेत, ती कोणीतरी समोर बसून गाणार आहे, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. प्रयोग कुठे आणि कधी आहे हेही नाही. शिवाय ते दीड लाख लोक होते कुठले? तुमच्या अकाउंटच्या इनसाइट्समध्ये पाहणाऱ्यांची शहरं दिसतात, ती आधी उघडून बघा. माझ्या अनुभवात असा अचानक पळालेला व्हिडिओ निम्म्याहून जास्त वेळा भलत्याच गावांत पळतो. इंदूर, सुरत, हैदराबाद. तिथल्या माणसाला आवडलं याचा आनंदच आहे, पण तो शनिवारी रात्री साडेनऊला कोथरूडला येणार नाही.

मी सतरा वर्षं नाटकांची प्रसिद्धी आणि प्रयोगाची व्यवस्था बघतोय. सुरुवात वर्तमानपत्रातल्या दोन कॉलमी जाहिराती आणि बुकिंगच्या खिडकीपाशी लावायचे फलक यांनी झाली, आता निम्मं काम मोबाइलवर असतं. वर्षाला दोन-तीन संगीत नाटकं हातात असतात. त्या कामातून जे कळलं ते सांगतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ. जुनं संगीत नाटक आणि नवं संगीत नाटक यांची प्रसिद्धी एकमेकांच्या उलटी असते. ‘सौभद्र’ १८८२चं, ‘मानापमान’ १९११चं. त्यांची पदं प्रेक्षक घरूनच गुणगुणत येतो. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं की या वेळी कोण गातंय आणि कसं गातंय. तिथे मी ध्रुवपद दाखवतो आणि अंतरा सुरू व्हायच्या आधी थांबतो, राहिलेलं ऐकायला माणूस येतो. तुमची पदं कोणीच ऐकलेली नाहीत, तेव्हा तुम्हाला झाकून ठेवून चालणार नाही. अकरापैकी एक पद पूर्ण, अगदी पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत (समेवर संपणाऱ्या तिहेरी तुकड्यापर्यंत) बाहेर द्या. लोकांच्या कानात ते बसलं पाहिजे, म्हणजे नाट्यगृहात तेच पद सुरू झालं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

हे काही मोबाइलच्या काळातलं शहाणपण नाही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ज्या गावांत पोचल्या तिथे त्यांची नाटक कंपनी कधी गेलीही नसेल, पण पदं गेली होती. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत रंगणारं पद तेवढ्यात बसवायचं म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा विचार करावाच लागे. आज यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादाही तीनच मिनिटांची आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. तुमच्या संगीतकारांना सांगा, तबकडीची एक बाजू करायची आहे असं समजून हे पद बांधा.

आता पडद्यामागचं काय दाखवायचं याकडे येतो. सहसा सगळे जण गंमत दाखवतात. वडापाव खाणारे कलाकार, विसरलेली वाक्यं, गाडीतल्या अंताक्षऱ्या. त्यात वाईट काही नाही, एखादा असावाही. पण ही गंमत कुठल्याही ऑफिसच्या सहलीत असते. संगीत नाटकाच्या पडद्यामागे जे असतं ते दुसरीकडे कुठेच नसतं, आणि प्रेक्षकाने ते पाहिलेलं नसतं.

एक प्रसंग सांगतो. पाच वर्षांपूर्वी एका संगीत नाटकाचा प्रयोग होता. संध्याकाळी सहाची वेळ, नेपथ्य लागून झालं होतं, एसी नुकताच सुरू केला होता. तंबोरा वाजवणारी मुलगी विंगेत मांडी घालून बसली होती. हवा बदलली की तारांचा सूर हलतो, त्यामुळे ती पुन्हा जुळवत होती. खर्जाची तार घोगरी लागत होती. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो ती करंगळीच्या नखाने केसभर पुढे सरकवायची, तार छेडायची, मान हलवायची, परत केसभर मागे. सात-आठ वेळा तसं झालं आणि मग एकदम तो स्वर उघडला. गूंज अशी भरली की समोर प्रकाशयोजनेची शिडी धरून उभा असलेला पोरगा वळून बघायला लागला. मी फोन जमिनीवर टेकवून हे सगळं टिपलं होतं. पन्नास सेकंद, एकही शब्द नाही. शेवटी तिच्या शेजारी नायिका येऊन बसते आणि त्या स्वरात नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, लावते, तिथे व्हिडिओ संपतो.

हा व्हिडिओ दीड लाख लोकांनी पाहिला नाही. अकरा हजारांच्या आसपास पाहिला असेल. पण पुढच्या दोन प्रयोगांना बुकिंगच्या फोनवर लोक म्हणायचे, “तो दोऱ्याचा व्हिडिओ ज्यांचा आहे तेच नाटक ना?” आमचे व्यवस्थापक वहीत खूण करत होते, म्हणून मला हे छातीठोकपणे सांगता येतं. त्याच नाटकाच्या विनोदी व्हिडिओंबद्दल एकाही फोनवर कोणी विचारलं नाही.

तुम्ही तर सांगलीचे. शेजारी मिरज आहे. तंतुवाद्यांसाठी देशभर नावाजलेलं गाव, तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या नाटकात वाजणारा तंबोरा बहुतेक तिथूनच आलेला असणार. तो घेऊन जा, जवारी काढणाऱ्या, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून बसवणाऱ्या, कारागिरासमोर तुमच्या नायिकेला बसवा. पंढरपूरच्या बाजूने येणारे भोपळे टांगलेले असतात, लाकडाचा भुसा उडत असतो, आणि त्यात ती तुमच्या पदाची पहिली ओळ गुणगुणते. कारागिराची परवानगी आणि त्यांचं नाव मात्र आवर्जून घ्या. मुंबईतली कुठलीही संस्था असा व्हिडिओ सहज करू शकणार नाही. तुम्हाला फक्त एसटीने जायचंय.

अशाच आणखी जागा शोधा. ऑर्गनवादक भाता मारत पदातली एकच जागा नटाकडून सात वेळा गाऊन घेतो ती. “इथे श्वास घेऊ नकोस, ‘रे’ संपल्यावर घे” हे सांगतो ती. गद्य वाक्य संपतं आणि पद सुरू होतं तो सांधा, जिथे बोलण्याचाच सूर हळूहळू वर नेत नेत गाण्याच्या पट्टीत न्यायचा असतो. नवख्या नटाला तो सांधा जमत नाही आणि मग एक दिवस जमतो, हे दोन तुकड्यांत शेजारी शेजारी दाखवा. ते बघितलेल्या माणसाला नाट्यगृहात नेमक्या त्या क्षणाला काय ऐकायचं हे कळतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. असा व्हिडिओ प्रेक्षकाचा कान तयार करतो आणि मग तो कान घेऊन माणूस तुमच्याकडे येतो.

अमेरिकेतल्या ब्रॉडवेचं उदाहरण तुम्ही दिलंय, की तिकडे कलाकारांच्या हातात कॅमेरा देतात आणि नाटक चालतं. खरं आहे. तिथे एका वेबसाइटने ‘विकेड’, ‘हॅमिल्टन’ अशा संगीतिकांमधल्या नटांकडून पडद्यामागच्या मालिका करून घेतल्या. ‘हॅमिल्टन’वाले २०१५मध्ये तर नाट्यगृहाच्या दारात, स्वस्त तिकिटांच्या सोडतीसाठी जमलेल्या गर्दीसमोर छोटे छोटे कार्यक्रम करायचे आणि लोक ते चित्रित करून टाकायचे. पण एक फरक लक्षात घ्या. तिकडे नाटक एकाच नाट्यगृहात आठवड्याला आठ प्रयोग करतं. व्हिडिओ आज पाहा किंवा दोन महिन्यांनी, नाटक त्याच दारात उभं असतं. आपलं नाटक टेम्पोत असतं. आज मिरज, पुढच्या रविवारी पुणे, मग महिनाभर तारीखच नाही. म्हणून आपल्या व्हिडिओला तारखेशी बांधावं लागतं, आणि तुमच्याकडे नेमकं हेच राहून गेलंय.

मी ते असं करतो. तारीख हातात आली की प्रयोगाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत फक्त कामाचे व्हिडिओ, जाहिरात नाही. तंबोरा, तालीम, पद. बुकिंग उघडायच्या आदल्या दिवशी ते एक पूर्ण पद. बुकिंग उघडलं की त्या गावाशी नातं असलेला एखादा व्हिडिओ: तुमचा तबलजी पुण्यात शिकला असेल तर तो त्याच्या गुरूंच्या घराखाली उभा राहून दोन वाक्यं बोलेल. शेवटचे तीन दिवस नवीन काही नाही, आधीचेच दोन चांगले व्हिडिओ तारखेसकट पुन्हा फिरवायचे. मराठी नाटकाचा प्रेक्षक शेवटच्या तीन-चार दिवसांत ठरवतो, तेव्हा त्याच्या समोर असायला हवं.

आणि तो प्रेक्षक मुख्यतः व्हॉट्सॲपवर आहे. संगीत नाटकाला येणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढचे खूप असतात. मुलगी रील बघते आणि आईला पाठवते, आई भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकते, तिथून सहा तिकिटं एकदम जातात. इथे एक चूक माझ्या हातून झालेली आहे. एका नाटकाचा प्रयोग नायकाच्या आजारपणामुळे पुढे ढकलला. आम्ही सगळीकडे कळवलं. पण आधीच्या तारखेचा व्हिडिओ ग्रुपांवर फिरतच राहिला, आणि मूळ तारखेला बारा-पंधरा माणसं नाट्यगृहाच्या बंद दारापाशी उभी राहिली. त्यातल्या एक आजी वसईहून आल्या होत्या. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून मी प्रत्येक व्हिडिओच्या दोन प्रती करतो. एक कोरी, ती यूट्यूब आणि इन्स्टाग्रामसाठी, तारीख खाली मजकुरात म्हणजे बदलता येते. दुसरी व्हॉट्सॲपची. पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून पडू शकतो, म्हणून हिच्या शेवटी चार सेकंद स्थिर पाटी: नाटकाचं नाव, नाट्यगृह, वार, तारीख, साल, वेळ आणि बुकिंगचा फोन. साल विसरू नका, जुने व्हिडिओ पुढच्या वर्षीही फिरतात.

फोन नंबरचा आग्रह यासाठी की इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, आणि यूट्यूबनेही २०२३पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक बंद केल्या आहेत. तुमच्या सव्वीस व्हिडिओंखाली तिकिटाची लिंक होती असं तुम्ही लिहिलंय. ती बहुतेक कोणाला उघडताच आली नसेल. लिंक प्रोफाइलवर ठेवा, इन्स्टाच्या स्टोरीत लावा, आणि व्हिडिओत नंबर मोठ्या अक्षरांत द्या.

आवाजाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन नमुन्यांत पंख्याची घरघर आणि तबल्याची थाप यांच्यामागे गाणारी मुलगी हरवून गेली आहे. संगीत नाटकाच्या व्हिडिओत चित्र हललेलं चालतं, स्वर मळलेला चालत नाही. महागडं काही नको. चित्रासाठी एक फोन, आवाजासाठी दुसरा. दुसरा फोन गाणाऱ्यापासून चार-पाच फुटांवर, तोंडाच्या उंचीला, तबल्याच्या विरुद्ध बाजूला, एअरप्लेन मोडवर. पंखे तेवढ्यापुरते बंद. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही जुळवता येतात. पदाचे शब्द देवनागरीत खाली द्या. नव्या पदाचे शब्द पहिल्यांदा ऐकताना पकडता येत नाहीत, वाचले की चाल लवकर बसते.

हक्कांचं थोडक्यात. तुम्ही नांदीनंतर ‘मानापमाना’तलं एक पद घेतलंय. नाटककार खाडिलकर १९४८मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५मध्ये. आपल्याकडे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा ते पद तुम्ही स्वतः गाऊन टाकायला अडचण नाही. पण एखाद्या गायकाची जुनी ध्वनिमुद्रिका व्हिडिओमागे लावणं ही वेगळी गोष्ट आहे, ध्वनिमुद्रणाचे हक्क स्वतंत्र असतात. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८मध्ये गेले, त्यांच्या चालींना परवानगी हवीच. तुमच्या नव्या पदांसाठी गीतकार आणि संगीतकार यांच्याकडून “प्रसिद्धीसाठी ऑनलाइन वापरायला संमती” असं दोन ओळींचं का होईना लिहून घ्या. मंडळी घरचीच आहेत म्हणून हे राहून जातं आणि पुढे नाटक चाललं की दुखतं.

कलाकारांच्या संमतीबद्दल मात्र मी कोणाला सूट देत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गायिकेचा तालमीतला तुकडा तिला न विचारता टाकला. तिला सर्दी होती, वरचा षड्ज फाटला होता, मला त्यातली तिची धडपड सुंदर वाटली होती. कमेंटमध्ये लोकांनी काय लिहिलं ते इथे सांगत नाही. तिने दोष दिला नाही, पण त्या नाटकाचे पुढचे चाळीसेक प्रयोग ती कॅमेरा दिसला की गाणं थांबवायची. तालीम ही चुकण्याची जागा आहे. तिथे कोणीतरी बघतंय हे कळलं की माणूस चुका करायचं सोडतो, आणि चुका सोडल्या की नवीन जागाही सापडत नाहीत. तेव्हापासून नियम असा: आठवड्यातली एकच तालीम चित्रणाची, आधी सांगून. कुठलाही तुकडा ज्याचा आहे त्याने ऐकून “हो” म्हटल्याशिवाय बाहेर नाही. बायकांच्या मेकअपरूममध्ये फोन नाही, कोणाचाच. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या घंटेनंतर चित्रण बंद, कारण तो वेळ त्यांचा आणि त्यांच्या गळ्याचा असतो. आणि कलाकारांना प्रयोगाची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, देत असाल तर चित्रणासाठी बोलावलेल्या दिवसाचं किमान जाण्या-येण्याचं आणि जेवणाचं बघा.

तुमच्या विदूषकाचंही नीट ऐका. तुम्ही लिहिलंय की तो आता मिशीवाला म्हणून ओळखला जातो आणि जरा खट्टू आहे. त्याचं दुसऱ्या अंकातलं पद आहे ना? त्याला ते पद रंगभूषा उतरवताना, अर्धा चेहरा रंगात असताना, हळू आवाजात गायला सांगा. दीड लाख लोक त्याला चेहऱ्याने ओळखतात, आता त्याचा गळाही ऐकू दे त्यांना. मिशीच्या व्हिडिओखाली पहिली कमेंट म्हणून हे पद टाकल्याचं लिहा आणि ती कमेंट वर पिन करा.

मोजायचं काय, असंही विचारलंत. व्ह्यू नका मोजू. बुकिंगला येणाऱ्या प्रत्येकाला “कुठून कळलं?” एवढंच विचारा आणि वहीत खूण करा. व्हिडिओ किती वेळा पुढे पाठवला गेला तो आकडा दिसतो, तो बघा, आणि पाहणाऱ्यांत सांगली, कोल्हापूर, पुणे किती ते बघा. तीन प्रयोगांत चित्र स्पष्ट होतं. नाटकात टीव्हीवरचा चेहरा असता तर हे गणित थोडं बदललं असतं, पण तुमच्याकडे तो नाही, तेव्हा तो विचार सोडून द्या.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातल्या पुढच्या प्रयोगाला तुमच्याकडे तेवीस दिवस आहेत. या आठवड्यात मिरजेला जाऊन या. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पदाचं चित्रण करा, पंखे बंद करून. कुठलं पद निवडायचं हे संगीतकारांना विचारू नका, त्यांना अकराही लेकरं सारखीच. तालमीनंतर चहा आणून देणारा मुलगा कपबशा गोळा करताना कुठलं पद गुणगुणतो ते ऐका, आणि तेच घ्या. चित्रण झालं की मला पाठवा, आवाज कसा आलाय ते ऐकून कळवतो.